शब्दचर्चा: ‘डिजिटल पब्लिक गुड’मधल्या ‘गुड’चं काय करायचं?

अनुवादक
एका धोरणविषयक अहवालाचं मराठी करते आहे. सरकारांनी ओपन सोर्स सॉफ्टवेअर (ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो) स्वीकारावं, डिजिटल पब्लिक गुड्स उभारावेत, असा विषय. तीन ठिकाणी अडले आहे. ‘ओपन’ला मुक्त की खुला? ‘अ‍ॅडॉप्शन’ला स्वीकार, अवलंब की अंगीकार? आणि सगळ्यात अवघड म्हणजे ‘डिजिटल पब्लिक गुड’. आधीच्या मसुद्यात ‘डिजिटल सार्वजनिक हित’ असं आहे. मला ते पटत नाही, पण नेमकं का ते सांगता येत नाहीये.

कोडकरी
आधी शुद्धलेखन उरकू. ‘सोर्स’, म्हणजे मूळ कोड, त्याला स्रोत, ‘स्त्रोत’ नव्हे. मूळ धातू ‘स्रु’, म्हणजे वाहणं. मधला ‘त’ बहुधा ‘स्त्री’च्या वळणाने घुसला असावा. अहवालात दोन्ही रूपं सापडली तर पहिल्या पानापासून दुरुस्त करा.

आता मुक्त की खुला. इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दाने बराच गोंधळ घातला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर’ लिहिण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून त्या लोकांना सांगत बसावं लागलं की आम्ही किमतीबद्दल नाही, स्वातंत्र्याबद्दल बोलतोय. १९९८मध्ये ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा पुढे आली, त्यामागचं एक कारण हा गोंधळही होता. आपल्याकडे मोफत वेगळं, मुक्त वेगळं, त्यामुळे ती अडचणच नाही. माझं मत: ‘फ्री सॉफ्टवेअर’ला मुक्त आणि ‘ओपन सोर्स’ला खुला ठेवा. दोन चळवळी, दोन शब्द.

जुना वाचक
कोडकरी, विभागणी देखणी आहे, पण ‘मुक्तस्रोत’ आता रुळलाय. शिवाय ‘खुला’ म्हटल्यावर काय आठवतं बघा: खुलं पत्र, खुलं अधिवेशन, खुला प्रवर्ग. खुलं म्हणजे या, बघा, आत या. मुक्त म्हणजे बंधन सुटलं. ज्या सॉफ्टवेअरचा स्रोत वाचता येतो पण बदलायची किंवा पुढे वाटायची परवानगी नसते, ते खुलं म्हणता येईल, मुक्त नाही. सरकारला तर बदलायचा हक्कच हवा असतो. कंत्राटदार सोडून गेला तरी काम दुसऱ्याकडे देता आलं पाहिजे. म्हणून धोरणाच्या कागदात ‘मुक्तस्रोत’च बरा.

अनुवादक
हे पटलं. मुक्तस्रोत, एक शब्द, जोडून. ‘अ‍ॅडॉप्शन’चं?

जुना वाचक
‘दत्तक’ तेवढं नको, म्हणजे झालं.

‘अवलंब करणे’ हा धोरणांतला नेहमीचा प्रयोग आहे, पण इथे तो गमतीशीर होतो. अव + लंब, म्हणजे टेकणं, आधार घेणं. ‘अवलंबून’ त्याच घरातला. एका विक्रेत्यावर अवलंबून राहू नये म्हणून मुक्तस्रोताचा अवलंब करायचा! वाचकाला हे खटकेलच असं नाही, पण मला खटकतं.

‘अंगीकार’ बघा. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘अंगीकृत आणि अधिनियमित करून’ असं आहे, आणि मूळ इंग्रजीत तिथे ‘अ‍ॅडॉप्ट’च आहे. अंगीकारलं म्हणजे अंगावर घेतलं, जबाबदारीसकट.

कोडकरी
जबाबदारीसकट हा मुद्दा कामाचा आहे, कारण सरकारं नुसती वापरतात तेव्हा काय होतं ते जर्मनीतल्या म्युनिकने दाखवलंय. नगरपरिषदेने २००३मध्ये विंडोज सोडून लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीकडे जायचं ठरवलं, २०१३पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले, आणि २०१७मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचा ठराव केला. यात राजकारण होतं, कार्यालयांतल्या तक्रारी होत्या, इतर कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण करताना येणारे अडथळे होते. तंत्र फसलं असं एका वाक्यात म्हणता येत नाही. उलट फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीसदलाने २००५मध्ये आधी फक्त ऑफिसचं सॉफ्टवेअर बदललं, लोकांचा हात बसू दिला आणि मग काही वर्षांनी उबुंटू या लिनक्सच्याच एका रूपाकडे वळले. जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४मध्ये सुमारे ३०,००० संगणकांसाठी तोच रस्ता जाहीर केला, सुरुवात लिब्रेऑफिस या मुक्तस्रोत ऑफिस-सॉफ्टवेअरपासून.

म्हणून मी असं करेन: यंत्रावर बसवलं तर ‘वापर’, धोरण म्हणून ठरवलं तर ‘स्वीकार’, आणि देखभालीला पैसे व माणसं दिली तर ‘अंगीकार’. जर्मनीने २०२२मध्ये सॉव्हरिन टेक फंड काढला तो सगळ्यांच्या वापरातल्या मुक्तस्रोत घटकांच्या देखभालीसाठी. तिथे ‘वापर’ हा शब्द अपुरा पडतो.

अनुवादक
तीन पायऱ्या अहवालात चालतील, कारण मूळ लेखकाने एकच शब्द तिन्ही अर्थांनी वापरलाय. पण स्वित्झर्लंडचा कायदा आहे ना, १ जानेवारी २०२४पासून लागू झालेला? संघीय कार्यालयांनी स्वतः केलेल्या किंवा करून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा स्रोत उघड करायचा. इतरांचे हक्क किंवा सुरक्षितता आड येत असेल तरच सूट. मसुद्यात तेही ‘अवलंब’खाली टाकलंय.

कोडकरी
तिथे कोणी काही घेत नाही, सरकार देतं आहे. सरळ ‘स्रोत प्रसिद्ध करणे’ लिहा.

अर्थार्थी
उशिरा आलो, पण ‘गुड’ माझ्या प्रांतातला आहे. ‘हित’ इथे चूक, कारण हा ‘गुड’ चांगलं या अर्थाचा नाही, ‘गुड्स’मधला आहे. अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘पब्लिक गुड’ला सरळ ‘सार्वजनिक वस्तू’ म्हणतात. पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४मध्ये ती कल्पना गणिती रूपात मांडली. लक्षणं दोन: एकाने वापरल्याने दुसऱ्याच्या वाट्याचं कमी होत नाही, आणि कोणाला वगळणं जमत नाही. ‘सार्वजनिक हित’ म्हटलं की जनहित याचिका आठवते आणि ही दोन्ही लक्षणं हरवतात.

जुना वाचक
‘वस्तू’ म्हटलं की हातात धरता येणारं काहीतरी वाटतं, नाही का?

अर्थार्थी
कथावस्तू कुठे हातात धरता येते? आणि वस्तुस्थिती? वस्तूचा अर्थ मराठीत मुळातच ऐसपैस आहे.

मला जास्त महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. स्वच्छ हवा स्वभावानेच सार्वजनिक असते. सॉफ्टवेअर तसं नसतं. त्याची प्रत काढायला जवळजवळ काही लागत नाही, म्हणजे पहिलं लक्षण आहे. पण कॉपीराइटमुळे वगळणं सहज जमतं. ते वगळणं मागे घेतो तो परवाना. म्हणून ही वस्तू परवान्याने सार्वजनिक झालेली असते. कशाला डिजिटल पब्लिक गुड म्हणायचं ते ठरवणाऱ्या डिजिटल पब्लिक गुड्स अलायन्स या संस्थेच्या मानकात नऊ निकष आहेत, त्यांत मान्यताप्राप्त मुक्त परवाना तर आहेच, पण ‘स्पष्ट मालकी’ हाही एक आहे. सार्वजनिक असून मालक हवा! कारण मालक कोण ते ठाऊक नसेल तर परवाना कोणी दिला?

जुना वाचक
मग ‘लोकसंपदा’ बाद. ऐकायला गोड, पण मालक कोणीच नाही असं वाटायला लावते. मी ‘डिजिटल गायरान’ सुचवणार होतो, म्हणजे सगळ्यांचं, सामाईक.

कोडकरी
गायरान चरून संपतं, कोड वापरून संपत नाही. संपतात ती सांभाळणारी माणसं. २०१४मध्ये ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड ही चूक सापडली तेव्हा कळलं, अर्धं जग ज्यावर उभं ते मूठभर लोक सांभाळत होते. त्या अर्थाने उपमा जमते, पण संज्ञा म्हणून नको.

अनुवादक
ठीक, ‘डिजिटल सार्वजनिक वस्तू’. आता यातूनच निघालेला प्रश्न: मसुद्यात ‘डिजिटल पब्लिक इन्फ्रास्ट्रक्चर’लाही काही ठिकाणी हेच भाषांतर आहे. चालेल का?

अर्थार्थी
अजिबात नाही. हीच गल्लत सगळ्यात महाग पडते. ती ‘डिजिटल सार्वजनिक पायाभूत सुविधा’. यूपीआय घ्या: कोट्यवधी लोक वापरतात, सुविधा सार्वजनिक, पण तिचा स्रोत मुक्त नाही. दुसऱ्या देशाने तो उचलून स्वतःकडे चालवावा असं होत नाही. उलट मोसिप, बंगळूरच्या आयआयआयटीत २०१८मध्ये सुरू झालेला ओळख-प्रणालीचा प्रकल्प. त्याचा कोड मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे वस्तू. फिलिपीन्सने आपली राष्ट्रीय ओळख-प्रणाली त्यावर उभारली तेव्हा तिथे त्या वस्तूची सुविधा झाली.

एस्टोनियाचा एक्स-रोड तर दोन्ही टप्पे दाखवतो. २००१पासून सरकारी खात्यांमधली माहितीची देवाणघेवाण त्यावर चालते. स्रोत २०१६मध्ये एमआयटी या मुक्त परवान्याखाली आला. मधली पंधरा वर्षं सुविधा होती, वस्तू नव्हती.

जुना वाचक
आणि ‘सार्वजनिक’च्या जागी कुठे ‘सरकारी’ पडलंय का तेही बघून घ्या. ओस्लो विद्यापीठातून चालणारी डीएचआयएस-२ ही आरोग्य-माहिती प्रणाली सत्तरहून अधिक देश वापरतात. ती सार्वजनिक आहे, कुठल्याही सरकारची नाही.

अनुवादक
दोन ठिकाणी सापडलं, बदलते. शेवटचं एक: ‘फोर्क’. मूळ कोडची प्रत घेऊन आपला वेगळा रस्ता धरणं. मसुद्यात ‘काटा’ आहे!

कोडकरी
काटा जेवणाच्या टेबलावर राहू दे. ‘फाटा’. रस्त्याला फुटतो, नदीला फुटतो, आणि ‘फाटा देणे’ म्हणजे टाळणं हा अर्थही कामी येतो. सरकारी खाती अनेकदा फाटा काढतात, आपल्यापुरते बदल करतात आणि मूळ प्रवाहाकडे परत पाठवत नाहीत. मग मूळ प्रकल्पात सुरक्षेची दुरुस्ती आली की ती आपल्या फाट्यात बसत नाही, आणि ती बसवण्यासाठी पुन्हा त्याच कंत्राटदाराला बोलवावं लागतं. ‘अपस्ट्रीम’, म्हणजे तो मूळ प्रकल्प, त्याला ‘मूळ प्रवाह’ लिहिलंत तर स्रोत, प्रवाह, फाटा असं सगळं एका नदीवर बसतं.

अनुवादक
मग ‘कंट्रिब्यूट अपस्ट्रीम’ म्हणजे ‘बदल मूळ प्रवाहात परत पाठवणे’. ‘योगदान’ काढून टाकते. ‘व्हेंडर लॉक-इन’, म्हणजे एका विक्रेत्याकडे अडकून पडणं, मात्र अजून तसंच पडून आहे. ‘विक्रेत्याच्या दावणीला बांधलं जाणे’ अहवालात चालेल का, की संपादक उडवतील?