कॅटलनमधले क्रमवाचक : पाचव्यापासून सरळ वाट

प्रश्न : स्पॅनिशमध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाला 'लुईस कातोर्से', म्हणजे 'लुई चौदा' म्हणतात. शेजारच्या कॅटलनमध्येही, म्हणजे बार्सिलोनाकडच्या भाषेतही, असंच आहे का?

उत्तर : नाही. कॅटलनमध्ये राजे आणि पोप यांना क्रमवाचकच ('पहिला', 'दुसरा' असे क्रम सांगणारे शब्द) लावतात. 'कातॉर्झ' म्हणजे चौदा, 'कातोर्झे' म्हणजे चौदावा. आघात शेवटच्या अक्षरावर जातो, तिथेच अर्थ बदलतो. शतकांचं मात्र वेगळं: दहाव्यापर्यंत क्रमवाचक, पुढे सरळ 'शतक अकरा', 'शतक वीस'. इटालियन दोन्हीकडे क्रमवाचक वापरते. फ्रेंचमध्ये राजांपैकी फक्त पहिल्याला तो मान आहे.

मला कॅटलनची खरी गंमत पाचव्यापासून वाटते. पहिले चार शब्द (प्रिमे, सगोन, तर्से, क्वार्त) आपल्या पहिला-दुसरा-तिसरा-चौथासारखेच वेगवेगळ्या वळणाचे. पुढे आपला 'वा', तसा त्यांचा 'ए': सिंके, सिझे, थेट शंभराव्यापर्यंत आणि पलीकडेही. स्पॅनिशमध्ये अकराव्यापुढे लॅटिन वळणाचे जड शब्द येतात, म्हणून बोलताना लोक सरळ संख्याच वापरतात. कॅटलनला ती अडचणच नाही.

हा 'ए' कुठून आला? लॅटिनच्या क्रमवाचकातून नव्हे, तर 'प्रत्येकी सात-सात' अशा वाटणीच्या शब्दांतून. त्यांना 'एनुस' हा शेवट असे. पुल्लिंगी एकवचनात 'न' गळला, बाकी रूपांत टिकला: सिझे, पण स्त्रीलिंगी सिझेना, अनेकवचनी सिझेन्स. आपला 'पाचवा' मात्र 'पञ्चम'मधल्या 'म'चा 'व' होऊन आला. तोच 'वा' पुढे 'सहावा'लाही लागला, 'षष्ठ'मध्ये 'म' नसताना! हिंदीत अजून 'छठा'च आहे.

लिंग किती काटेकोर पाळतात ते बार्सिलोनाच्या पत्त्यात दिसतं. 'तर्से सगोना' एवढंच म्हटलं की तिसरा मजला, दुसरं दार. मजला पुल्लिंगी, दार स्त्रीलिंगी. नामं उच्चारायची गरजच पडत नाही.

पुरवणी : मग जुने लॅटिन क्रमवाचक गेले कुठे? आपल्याकडे 'पंचमी', 'षष्ठी' तिथींत राहिल्या, तसे कॅटलनमध्ये ते संगीतातल्या स्वरांतरांच्या नावांत आहेत. पोर्तुगीजमध्ये तर ते रोजच्या तोंडी आहेत. तिथे सोमवार 'दुसरा' आणि शुक्रवार 'सहावा', कारण मोजणी रविवारपासून. शनिवार-रविवारला मात्र स्वतःची नावं आहेत.