खिडक्या-सफाईच्या व्यवसायासाठी अंगणात पाट्या लावाव्यात का?

पारदर्शक (धागाकर्ता)

नमस्कार. घरांच्या खिडक्या आतून-बाहेरून स्वच्छ करून देण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. मी, एक मदतनीस, एक शिडी आणि पाणी पुरवणारा लांब काठीचा ब्रश, एवढाच आमचा पसारा. आतापर्यंतची बहुतेक कामे एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे मिळाली. परंतु असे सांगणे आपल्या हातात नसते, आणि एखादा आठवडा पूर्ण भरलेला तर पुढचा रिकामा, असे वारंवार होऊ लागले आहे. म्हणून जमिनीत खोचायच्या छोट्या पाट्या छापून घेण्याचा विचार करीत आहे.

माझा बेत असा आहे की, पन्नास पाट्या करून घ्याव्यात, त्यांतील निम्म्या वर्दळीच्या चौकांत लावाव्यात आणि उरलेल्या ज्यांच्याकडे काम केले त्यांच्या अंगणात. पाटीचा कच्चा आराखडाही केला आहे. वर व्यवसायाचे नाव व चमकत्या घराचे चित्र, त्याखाली आम्ही करीत असलेली पाच कामे (काचा, जाळ्या, चौकटी, सरकत्या खिडक्यांच्या खाचा, सौर पॅनेल), मग ‘खात्रीशीर, दर्जेदार, माफक’ ही ओळ, आणि तळाशी फोन, संकेतस्थळ व क्यूआर कोड.

छपाईला देण्यापूर्वी तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. अशा पाट्यांमुळे खरोखर कामे मिळतात का? त्या कोठे व किती दिवस ठेवाव्यात? आणि ग्राहकाला ‘तुमच्या अंगणात माझी पाटी लावू का’ हे अवघडल्यासारखे न होता कसे विचारावे? ज्यांनी स्वतः हा प्रयोग केला आहे त्यांनी कृपया लिहावे.

शिडीवरून

बारा वर्षे याच कामात आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुमच्या पन्नास पाट्यांपैकी चौकातल्या पंचवीस आधी विसरा. पहिल्या हंगामात मीही हेच केले होते. एका रात्रीत चौकाचौकांत पाट्या खोचल्या आणि आठवडा संपेपर्यंत त्यांतील बऱ्याच गायब झाल्या. सार्वजनिक जागेवर विनापरवाना लावलेली पाटी स्थानिक प्रशासनाची माणसे उचलून नेतात, काही ठिकाणी दंडही होतो, आणि पाटीवर आपलाच फोन क्रमांक असल्यामुळे ती कोणाची हे शोधण्याचे कष्टही त्यांना पडत नाहीत. ज्या टिकल्या त्यांच्यावरून फोन आले, नाही असे नाही. पण ते चारी दिशांनी आले. एक घर या टोकाला, दुसरे त्या टोकाला, आणि माझा अर्धा दिवस गाडीवर शिडी बांधण्यात व सोडण्यात गेला.

याउलट, ज्या घरी काम केले त्याच्या अंगणातील पाटी त्याच गल्लीतली कामे आणते. आपल्या धंद्यात नफा काचेवर कमी आणि दोन घरांमधील अंतरावर जास्त ठरतो, हे तुमच्याही लक्षात आले असेल. शिडी खांद्यावर घेऊन शेजारच्या फाटकातून आत जाता आले, तर तेच खरे फायद्याचे काम.

आणखी एक गोष्ट आहे, जी इतर व्यवसायांना लागू पडत नाही. नळ दुरुस्त करणाऱ्याचे काम रस्त्यावरून दिसत नाही. आपले काम दिसते. मात्र कोणी सांगितल्याशिवाय ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण स्वच्छ काच म्हणजे डोळ्यांना तिथे काहीच नसणे. पाटी वाचली की माणसाची नजर आपसूक मागच्या खिडकीकडे जाते, आणि मग स्वतःच्या घरी पोहोचल्यावर स्वतःच्या खिडकीकडेही जाते. म्हणून पाटी अशा जागी खोचा की ती व निदान एक मोठी खिडकी एकाच नजरेत येईल. पाटी घराला समांतर ठेवू नका, रस्त्याशी काटकोनात ठेवा आणि दोन्ही बाजूंनी छापून घ्या. म्हणजे येणाऱ्याला व जाणाऱ्याला, दोघांनाही ती समोरून दिसते.

विचारण्याबाबत माझी पद्धत अशी आहे की, मी दोनदा विचारतो. काम फोनवर ठरते तेव्हा, ‘काम चालू असताना फाटकाजवळ एक छोटी पाटी ठेवतो, चालेल ना?’ असे. याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. त्या दिवशी गाडीतून आधी पाटी उतरते आणि नंतर शिडी, कारण शेजारी चौकशीला येतात ते आपण तिथे असतानाच. दुसऱ्यांदा विचारायचे ते काम संपल्यावर, ग्राहक घराभोवती फिरून एकेक काच पाहत असतात त्या वेळी. पैसे घेताना नव्हे. तेव्हा मोघम न बोलता वार सांगायचा: ‘पुढच्या रविवारी सकाळी मी स्वतः येऊन काढून नेईन.’ मुदत ऐकली की बहुतेक जण तयार होतात. दहा-बारा दिवसांच्या पुढे पाटी ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही. रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्याला ती तोवर झाडाझुडपांसारखीच दिसेनाशी होते.

घरमालकांची सोसायटी किंवा संघ असेल तर त्यांचे नियम ग्राहकालाच विचारा. आपल्या पाटीमुळे ग्राहकाला नोटीस आली, तर तो ग्राहक गेलाच म्हणून समजा.

शाईचे डाग

माझा छपाईचा व्यवसाय आहे, तेव्हा आराखड्याविषयी लिहितो. आपण ठरवलेला मजकूर पाटीचा नाही, माहितीपत्रकाचा आहे.

अशा पाटीचे प्रचलित माप २४ इंच रुंद आणि १८ इंच उंच असे असते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ३६ फूट पुढे सरकते. फलकाच्या कामात ढोबळ हिशेब असा धरतात की, एक इंच उंचीचे अक्षर दहा फुटांवरून सहज वाचता येते, आणि फारच नेटके असेल तर पंचवीस-तीस फुटांपर्यंत ओढूनताणून. म्हणजे तीन इंची अक्षर साधारण ऐंशी फुटांवर ओळखू येऊ लागते आणि चालकाला ते वाचण्यासाठी जेमतेम दोन सेकंद मिळतात. या दोन सेकंदांत पाच कामांची यादी कोण वाचणार? आणि क्यूआर कोड तर चालत्या गाडीतून कोणी टिपत नाही. पायी जाणाऱ्यालाही त्यासाठी परक्याच्या अंगणाशी फोन रोखून उभे राहावे लागते.

आता फोन क्रमांकाचा हिशेब पाहा. पाटी २४ इंच रुंद. दोन्ही कडांना दीड-दीड इंच मोकळे सोडले की उरतात २१. दहा अंकी क्रमांक धरला आणि मध्ये एक अंतर ठेवले, तर प्रत्येक अंकाच्या वाट्याला दोन इंचही धड येत नाहीत. त्यामुळे अंकांची उंची तीन इंचांच्या फार पुढे नेता येत नाही, नेली तर ते काटकुळे होऊन एकमेकांत मिसळतात. पाटीचे खरे बंधन हे आहे, बाकी मजकूर त्याच्या कलाने घ्यावा. माझ्या मते तीन ओळी पुरेत: सर्वांत मोठी ‘खिडक्यांची सफाई’, तिच्याखाली क्रमांक, आणि तळाशी लहान अक्षरांत व्यवसायाचे नाव. मजकूर देवनागरीत असेल तर ओळींमध्ये रोमनपेक्षा जास्त जागा सोडावी लागते, कारण वरची वेलांटी आणि खालचा उकार दोन्हींना जागा लागते; संगणकावर ते ठीक दिसते आणि दुरून पाहिले की दोन ओळी एकमेकींना चिकटतात. ‘खात्रीशीर, दर्जेदार, माफक’ ही ओळ काढून टाका. ती कोणत्याही धंद्याच्या पाटीवर चालेल, म्हणूनच आपल्या पाटीवर तिचा उपयोग नाही.

रंग दोनच ठेवा. पांढऱ्यावर गडद निळा किंवा पिवळ्यावर काळा. आपल्या व्यवसायातील मंडळींना फिकट आकाशी फार आवडतो, पण आकाशी पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे उन्हात विरघळून जातात. लाल उठून दिसतो, मात्र उन्हाने तोच लवकर उडतो.

साहित्य म्हणून ४ मिलिमीटर जाडीची पन्हाळी प्लास्टिक शीट घ्या, जिला छपाईवाले सनपॅक म्हणतात. तिच्या आत पोकळ नळ्या असतात आणि एच आकाराच्या तारेच्या सांगाड्याची दोन टोके त्या नळ्यांत शिरतात. म्हणून छपाईला देताना ‘नळ्या उभ्या हव्यात’ हे आवर्जून लिहून द्या. आडव्या नळ्यांवर छापलेल्या पाट्यांचा गठ्ठा घेऊन डोके धरून बसलेले ग्राहक मी पाहिले आहेत. त्या पाट्यांत तार खालून शिरतच नाही. सनबोर्डला अशा नळ्या नसतात आणि फ्लेक्सला चौकट लागते, त्यामुळे या कामाला दोन्ही निरुपयोगी. आणि पहिल्या खेपेला पन्नास नव्हे, दहा-पंधराच करून घ्या. मी छपाईवाला असून हे सांगतो आहे, यावरून काय ते समजा.

कोपऱ्यावरचे घर

मी या व्यवसायातली नाही, केवळ ग्राहक आहे; पण एका पाटीने मला बराच ताप दिला म्हणून लिहिते. आमच्या खिडक्या पुसणाऱ्या गृहस्थांनी ‘आठवडाभर ठेवतो’ म्हणून पाटी लावली आणि ती दोन महिने तिथेच राहिली. गवत कापणाऱ्या माणसाने प्रत्येक वेळी ती उपटून कुठेतरी तिरकी खोचली. रोज संध्याकाळी बागेतल्या फवाऱ्याचे पाणी तिच्यावर उडे. जड पाण्याचे पांढरे ठिपके आधी पाटीवर जमले आणि नंतर, त्याच फवाऱ्यामुळे, खालच्या मजल्याच्या काचांवरही. म्हणजे मळकी काच आणि तिच्यासमोर ‘चकचकीत खिडक्यांसाठी’ असे सांगणारी त्याहून मळकी पाटी! दोनदा फोन केला, दोन्ही वेळा ‘उद्या येतो’ हेच उत्तर. शेवटी मी ती उपटून गॅरेजमध्ये ठेवली. काम त्यांनी खरोखर चांगले केले होते, तरीही पुढच्या वेळी मी दुसऱ्यांना बोलावले.

पारदर्शक (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आराखडा पुन्हा करायला घेतला आहे, आणि नळ्यांची दिशा तर मला सुचलीच नसती. कोपऱ्यावरच्या ताईंचा अनुभव वाचून पाट्या काढण्याच्या तारखा कामांच्या वहीतच लिहायचे ठरवले. आता दोनच शंका उरल्या आहेत. पाटीमुळे किती कामे आली हे नेमके कसे मोजावे? आणि पाटी ठेवू देणाऱ्या ग्राहकाला बिलात सूट द्यावी का?

खतावणी

मोजण्याबाबत एक सावधगिरी सांगतो. ‘आमच्याविषयी कोठून कळले?’ असे विचारले की लोक प्रामाणिकपणे चुकीचे उत्तर देतात. पाटीवर नाव वाचलेले असते, घरी जाऊन ते फोनवर शोधलेले असते, आणि आपल्याला उत्तर मिळते ‘इंटरनेटवरून’. त्यामुळे पाटी कुचकामी आणि संकेतस्थळ कामाचे, असा उलटा निष्कर्ष निघतो. मी ग्राहकांच्या घरांची देखभाल-दुरुस्ती करतो आणि पाट्यांसाठी वेगळा फोन क्रमांक ठेवला आहे, जो अन्यत्र कोठेही छापलेला नाही. त्याच्या जोडीला नव्या ग्राहकाचा पत्ता लिहून घेताना, त्या काळात आपली पाटी त्याच गल्लीत किंवा शेजारच्या गल्लीत होती का, हे वहीत पाहतो. क्रमांकापेक्षा ही नोंदच अधिक खरे सांगते. नुसते फोन मोजू नका. प्रत्यक्ष झालेली कामे मोजा आणि त्यांतील किती जणांनी पुन्हा बोलावले तेही.

सूट देऊ नये असे माझे मत आहे. पैसे मिळाले की पाटी ही उपकाराची गोष्ट न राहता भाड्याची होते, आणि मग कोणीतरी भाडे वाढवून मागतोच. त्यापेक्षा पाटी काढायला जाल तेव्हा पुढच्या दाराची काच किंवा पावसाने खराब झालेली एखादी खिडकी सहज पुसून द्या. पाच मिनिटांचे काम आहे, पण ग्राहकाची पुन्हा भेट होते आणि पुढच्या खेपेचा दिवस तिथेच ठरतो. पाटी ठेवली त्याच दिवशी दोन्ही बाजूंची दोन-दोन घरे आणि समोरची घरे यांच्या दारांत एक लहान पत्रकही टाका. तुमच्या पाच कामांची यादी आणि क्यूआर कोड यांची जागा तिथे आहे.

शिडीवरून

वरील सर्वांशी सहमत आहे. दोन बारीक गोष्टी राहिल्या होत्या. वळणाच्या कोपऱ्यावर पाटी अशी लावू नका की गाडी बाहेर काढणाऱ्याला रस्ता दिसणार नाही. आणि तार खोचण्यापूर्वी फवाऱ्याची नळी किंवा केबल कोठून गेली आहे हे घरमालकाला विचारून घ्या. तार वितीएवढीच आत जाते, पण बागेच्या नळ्याही पुष्कळदा तेवढ्याच खोल असतात. जमीन कडक असेल तर पाटीवर जोर देऊ नका, ती दुमडते; आधी लांब स्क्रूड्रायव्हरने दोन भोके पाडा आणि मग सांगाड्याच्या आडव्या तारेवर पाय देऊन दाबा. काढताना तार हलवत न बसता सरळ वर ओढायची, उरलेली भोके टाचेने बुजवायची, आणि पाटी गाडीत टाकण्याआधी काचेच्याच वायपरने दोन्ही बाजूंनी पुसून घ्यायची. ती पुढच्या घरी लागणार असते.