मदत हवी आहे: वाईन चाखून तिचं वर्णन कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी,

वाईन आवडते, पण तिच्याबद्दल लिहायला बसलं की माझी गाडी "छान आहे" आणि "जरा आंबट आहे" यापुढे सरकत नाही. आमचा एक छोटा गट आहे. एक व्हाईट, एक रेड उघडायची, प्रत्येकाने वहीत नोंद करायची आणि मग वाचून दाखवायची. बाकीचे ब्लॅकबेरी, व्हॅनिला, तंबाखू, ओली माती असं धडाधड वाचत सुटतात. माझ्या वहीतलं जसंच्या तसं देते:

सोव्हिन्यों ब्लां (व्हाईट): फिकट, हिरवट झाक. वास तीव्र, काहीतरी हिरवं चुरगळल्यासारखा. आंबट. घोट संपल्यावर तोंडाला पाणी सुटलं.

कॅबर्ने सोव्हिन्यों (रेड): गडद. वास नीट लागेना. आंबट? कडू? हिरड्या कोरड्या पडल्या.

हे कोरडं पडणं आंबटपणामुळे होतं का? 'ड्राय' वाईन म्हणतात ती हीच का? आणि व्हाईटमध्ये तसं का झालं नाही? शिवाय ती सगळी फळं मला का सापडत नाहीत? माझं नाक मंद आहे, की बाकीचे बाटलीमागचा मजकूर पाठ करून येतात? (हलकं घ्या.) 'कोर्स लावा' सोडून काहीही सुचवा.

प्रतिसाद १

तोंडात काय झालं ते तुम्ही लिहिलंय, त्यामुळे मला तरी तुमची नोंद ब्लॅकबेरीवाल्यांपेक्षा उपयोगी वाटते.

कोरडं पडतं ते टॅनिनमुळे. द्राक्षाची सालं, बिया आणि देठ यांतून ते उतरतं. रेड सालींसकट आंबवतात, म्हणून रंगाबरोबर टॅनिनही येतं. व्हाईटसाठी सहसा आधी रस पिळून घेतात आणि नुसता रस आंबवतात. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि गाल आतून दातांना घासायला लागतात. म्हणजे ही चव कमी आणि स्पर्श जास्त. आम्लाचं बरोबर उलटं, त्याने लाळ सुटते. एकाच रेडमध्ये दोन्ही असतात, तिथेच घोळ होतो. वेगवेगळं ओळखायचं असेल तर बिनसाखरेचा कोरा चहा कडक उकळून, गार करून प्या. थोड्या वेळाने नुसतं लिंबू पिळलेलं पाणी प्या. फरक लगेच कळेल.

'ड्राय'चा याच्याशी संबंध नाही. वाईनमध्ये जाणवण्याइतकी साखर उरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. तोंडाला पाणी सोडणारी तुमची व्हाईटही बहुधा ड्रायच असणार.

प्रतिसाद २

पाठ करून येण्याची शंका अगदीच निराधार नाही :) २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठात वाईनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना बिनवासाचा लाल रंग घातलेली व्हाईट दिली होती. त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं! रंग दिसला की अर्धं वर्णन डोक्यात आपोआप तयार होतं. तेव्हा आधी डोळे मिटून वास घ्या, रंगाचं नंतर लिहा.

तुमचं 'हिरवं चुरगळलेलं' अगदी बरोबर आहे. तो वास मेथॉक्सिपायरॅझिन या संयुगांचा असणार. ढोबळ्या मिरचीत तीच असतात आणि कॅबर्नेमध्येही सापडतात, पुढच्या वेळी तिथे शोधा. शिराझ या रेडमध्ये काळ्या मिरीचा वास येतो तो रोटंडोन या संयुगामुळे, आणि ते खुद्द मिरीतही असतं. पण २००८च्या संशोधनात साधारण पाचातल्या एकाला रोटंडोनचा वासच आला नाही. एखादा वास न येणं म्हणजे नाक मंद असणं नव्हे.

फळाचं नाव थेट शोधू नका. अ‍ॅन नोबल या संशोधिकेने १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात वाईनच्या वासांचं चक्र (ढोबळ गटांपासून नेमक्या नावांपर्यंत नेणारा गोल तक्ता) तयार केलं, ते वहीत चिकटवा. आधी फक्त 'फळ' की 'वनस्पती' ते ठरवा. फळ असेल तर लिंबूवर्गीय की बेरीवर्गीय, आणि मग जमलं तर नाव. नाही जमलं तर तिथेच थांबा, कोणी परीक्षा घेत नाहीये. ओली माती वगैरे सध्या गटातल्या कवींसाठी सोडा.

प्रतिसाद ३

रेड फ्रिजमधून थेट ओतली होती का? फार थंड असली की वास दबतो आणि टॅनिन जास्त बोचतं. व्हाईट ८ ते १२ अंश, रेड १५ ते १८ अंश सेल्सिअस. ग्लास तृतीयांशच भरा. आधी न हलवता हुंगा, मग गोल फिरवून. घोट घेतल्यावर नाकाने श्वास सोडा, बरेचसे वास तेव्हाच कळतात.

धागाकर्ती

सगळ्यांना धन्यवाद! चहा-लिंबाचा प्रयोग नक्की करणार. जाता जाता एक उपप्रश्न: शार्डने नावाच्या एका व्हाईटमध्ये लोण्याचा वास सगळ्यांना एकमताने आला, अगदी मलासुद्धा. तो द्राक्षाचाच का?

प्रतिसाद १

नाही, तो जिवाणूंचा. पहिलं आंबवणं झाल्यावर काही वाईनमध्ये जिवाणूंकडून तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल होऊ देतात. त्यात डायअसिटाइल नावाचं संयुग तयार होतं, लोण्याचा वास त्याचाच. आंबटपणाही मऊ होतो. बहुतेक रेडमध्ये हे होतंच, व्हाईटमध्ये बनवणाऱ्याच्या मर्जीवर. लोण्याचा वास नसलेली दुसरी शार्डने मिळाली तर दोन ग्लास शेजारी ठेवून बघा आणि कोणती जास्त आंबट लागते ते इथे कळवा.