बँकेच्या कार्बन हिशेबात कर्जदाराचा धूर धरावा की नाही?

मूळ मांडणी : कास्तकार, भद्रावती तालुका

भारताने 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा, म्हणजे जितके सोडू तितके शोषून घेण्याचा, शब्द दिला आहे आणि स्टेट बँकेने स्वतःसाठी 2055 हे वर्ष जाहीर केले आहे. माझे म्हणणे असे, की मोठ्या बँकेने असा शब्द दिला म्हणजे त्याचा हिशेब तिने शाखेच्या छतावरून नव्हे, तर कर्जखात्यावरून द्यावा. कार्बन हिशेबात उत्सर्जनाच्या तीन कक्षा (स्कोप) धरतात. सौर पॅनेल आणि एलईडी दिवे ही पहिल्या दोन कक्षांची, म्हणजे जनरेटरच्या डिझेलची व विकत घेतलेल्या विजेची किरकोळ बाब आहे. कर्जातून होणारे उत्सर्जन तिसऱ्या कक्षेच्या, म्हणजे इतरांमार्फत होणाऱ्या उत्सर्जनाच्या, पंधराव्या प्रकारात येते. कंपन्यांकडून पर्यावरणाची माहिती जमवणाऱ्या सीडीपी या संस्थेने ते जगभरातील वित्तसंस्थांत थेट उत्सर्जनाच्या सरासरी 700 पटींहून अधिक असल्याचे 2021 मध्ये दाखवले होते.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात 2920 मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे, तिकडे तिरोड्याला 3300 मेगावॉटचा प्रकल्प आहे. इतके मोठे प्रकल्प कर्जाशिवाय उभे राहत नाहीत. कोळशाच्या ट्रकांची धूळ रस्त्यालगतच्या वावरात फुटलेल्या बोंडांवर बसते, वेचलेला कापूस काळपट दिसतो आणि जिनिंगवर त्याचा भाव पाडून मागतात. हे नुकसान कास्तकाराच्या वहीत येते. कर्ज देणाऱ्याच्या अहवालात त्यामागच्या धुराचा एक आकडा तरी यावा.

प्रतिसाद : निवृत्त कृषी कर्ज अधिकारी, यवतमाळ

आपली तळमळ समजते, पण मागणी धोक्याची वाटते. वीज कंपनी स्वतःचे उत्सर्जन जाहीर करतेच. तेच बँकेच्या नावावर पुन्हा चढवणे म्हणजे एक धूर दोनदा मोजणे होय. त्याहून मोठी भीती वेगळी आहे. युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो, धानाच्या बांधीतून मिथेन निघतो, म्हणजे पीककर्जही या आकड्यात येणार. उद्या मुख्यालयाने आकडा खाली आणा असे फर्मान काढले, तर शाखाधिकारी वीज प्रकल्पाला हात लावणार नाही. तो दोन एकरवाल्याचे पीककर्ज अडवील. वसुलीच्या आकड्यापायी हेच होताना मी नोकरीत असताना पाहिले आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

साहेब, कर्जातून होणारे उत्सर्जन मोजण्याच्या पीसीएएफ या वित्तसंस्थांच्या गटाच्या पद्धतीत बँकेच्या माथी सगळा धूर येत नाही. समजा, 1000 कोटींच्या प्रकल्पात बँकेचे येणे 300 कोटी असेल, तर उत्सर्जनाचा 30 टक्के वाटाच तिच्याकडे येतो. दोघांच्या हिशेबाचा हेतूही वेगळा आहे. कंपनी काय जाळते ते सांगते, बँक कशावर पैसा लावते ते सांगते. राहिला पीककर्जाचा प्रश्न. प्राधान्य क्षेत्राच्या नियमानुसार एकूण कर्जाच्या 18 टक्के शेतीला आणि त्या 18 पैकी 10 टक्के लहान व सीमांत शेतकऱ्यांना द्यावेच लागते.

प्रतिसाद : निवृत्त कृषी कर्ज अधिकारी

द्यावे लागते हे कागदावर. उद्दिष्ट हुकले की बँक नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत विकास निधीत रक्कम भरते, किंवा दुसऱ्या बँकेने उद्दिष्टाहून जास्त दिलेल्या अशा कर्जाची प्राधान्य क्षेत्र प्रमाणपत्रे विकत घेते आणि मोकळी होते. आपण ज्या नियमावर विसंबलात, त्याला ही वाट आहे.

प्रतिसाद : खाण कामगाराची मुलगी, वणी

काका, तुमची भीती खरी आहे, पण त्यावर आकडा लपवणे हा उपाय नव्हे. स्वेच्छेने दिलेल्या शब्दाचे काय होते ते दिसलेच आहे : एप्रिल 2021 मध्ये सुरू झालेल्या नेट झीरो बँकिंग अलायन्स या, निव्वळ शून्याचा शब्द देणाऱ्या बँकांच्या जागतिक गटातून अमेरिकेच्या बड्या बँका बाहेर पडल्या आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तिचे कामच थांबले. म्हणून सक्ती हवी. रिझर्व्ह बँकेने 28 फेब्रुवारी 2024 रोजी बँकांनी आपली हवामान जोखीम जाहीर करण्याच्या नियमांचा मसुदा काढला, त्यात ग्रामीण बँका वगळल्या होत्या; त्याचप्रमाणे पीककर्जही उत्सर्जन घटवण्याच्या लक्ष्यातून स्पष्ट शब्दांत वगळता येईल.

मूळ मांडणीतही मला एक उणीव दिसते. बँकेने कोळशाचे कर्ज आटवले, तर वणी, बल्लारपूर, उमरेडच्या घरांचे काय? धुराच्या आकड्याशेजारीच, याच तालुक्यांत नव्या रोजगारासाठी किती कर्ज दिले, हेही बँकेने तालुकावार छापावे.

प्रतिसाद : निवृत्त कृषी कर्ज अधिकारी

पीककर्ज लेखी वगळले आणि तालुकावार आकडे दिले, तर दुहेरी मोजणीचा माझा आक्षेप मी बाजूला ठेवीन. मात्र वगळणे मसुद्यातच हवे. बँकेच्या परिपत्रकावर ते सोडलेले मला मान्य नाही.