भिंतीवरचं लाकडी कपाट: बनवलं, पण टांगलं कसं? (अनुभव धागा)

मंडळी, सहा रविवार घालवून भिंतीवरचं एक कपाट बनवलं. ९० सेंमी रुंद, ६० उंच, ३० खोल, १८ मिमी प्लायचं. बनवताना एकच घोळ झाला. चौकट जोडल्यावर कर्ण मोजले तर ४ मिमीचा फरक, म्हणजे चौकट काटकोनात नाही! फेविकॉल ओला होता म्हणून वाचलो. लांब भरलेल्या कर्णावर क्लॅम्प लावून आवळलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. खरी भीती वाटली ती टांगताना. अजूनही त्याच्याखाली बसलो की नजर वर जाते. तुमचे अनुभव लिहा, फसलेले आधी.

---

फसलेला हवाय ना, घ्या. पाठीला ६ मिमी प्लाय, बारीक चुका (छोटे खिळे) ठोकून बसवलेला. त्याच पाठीतून भिंतीत स्क्रू मारले. पंधरा दिवस छान. एका सकाळी पाहतो तर पाठ भिंतीवर जिथल्या तिथे आणि कपाट जमिनीवर. भिंतीतले स्क्रू तसूभरही हलले नव्हते, सुटल्या त्या चुका. आता आतून, वरच्या बाजूला १८ मिमीची आडवी पट्टी असते, दोन्ही बाजूंच्या फळ्यांना आणि वरच्या फळीला स्क्रूने पकडलेली. कपाट टांगायचं ते त्या पट्टीतून. पाठ फक्त धूळ अडवायला आणि चौकट काटकोनात ठेवायला.

---

वरच्या पट्टीला माझी पुरवणी. पट्टी १८, पाठ ६, भिंतीचा गिलावा १५. झाले ३९ मिमी. म्हणजे ४० मिमीचा स्क्रू जवळपास गिलाव्यातच संपतो, विटेत जेमतेम १ मिमी शिरतो! मी ७५चे वापरले. ड्रिल करताना आधी करडी भुकटी येते, मग लाल. लाल सुरू झाली की विटेत शिरलो समजायचं, आणि प्लग (स्क्रू घट्ट धरणारी भोकातली नळी) त्या लाल भागात बसायला हवा. विटा पोकळ असतील तर साधा प्लग नुसता गरगर फिरतो, तिथे पोकळ भिंतीचे वेगळे प्लग लागतात. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका. वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.

---

मी एकटीने टांगलं, धरायला कोणी नव्हतं. एक लांब फळी मधोमध ४५ अंशात चिरली. एक तुकडा भिंतीवर, तिरपी कड वर आणि खाच भिंतीकडे. दुसरा कपाटाच्या पाठीला, उलटा. भिंतीवरची पट्टी पाणसळ (आडवी पातळी दाखवणारं साधन) धरून निवांत बसवली, मग कपाट उचललं आणि वरून अडकवलं. बसताना जो 'टक' आवाज येतो, त्यासाठी तरी करून बघा! चूक एकच. खाली तेवढ्याच जाडीची पट्टी लावायची विसरले, त्यामुळे कपाट पुढे वाकून माझ्याकडेच बघत होतं. पुन्हा उतरवलं. हो, अडकवायला वर थोडी मोकळी जागा लागते, छताला चिकटून हे जमत नाही.

---

वडील सुतार. कपाट टांगून झालं की दोन्ही हातांनी धरून ते स्वतः लोंबकळायचे, मगच दारं बसवायची. आई ओरडायची. मीही तेच करतो, फक्त घरात कोणी नसताना. अवजारांत आजही गुण्या (काटकोन तपासायला) आणि ओळंबा (उभी रेष तपासायला) त्यांचेच.

@धागाकर्ते, तुमचं कपाट लोंबकळून तपासलंत का?

---

नाही हो, हिंमत झाली नाही. मुलांना सांगू नका ही युक्ती.

---

दाराचं कोणी लिहिलं नाही. मी अस्सल लाकडाचं केलं, मधला दिला (दाराच्या चौकटीत बसणारी फळी) चौकटीच्या खाचेत चारही बाजूंनी फेविकॉल भरून चिकटवला. हवा दमट झाली, दिला फुगला आणि चौकटीचा सांधा उघडला. लाकूड लांबीत जवळपास फुगत नाही, रुंदीत फुगतं, हे तेव्हा कळलं. दिला खाचेत मोकळाच ठेवायचा, दोन्ही कडांना २ मिमी जागा सोडून.

---

१२ मिमीचा कप्पा, ९० सेंमी लांब, वर पुस्तकं. महिन्यात झोळी झाली. १८ मिमीचा बसवला. जाडी दीडपट, पण ताठपणा सव्वातीनपटीहून जास्त.

---

मी पाणसळ तीनदा लावून टांगलं. लांबून पाहिलं तर छताशी तिरकं. छत मोजलं, एका टोकाला १ सेंमी खाली! घरचे म्हणतात कपाट तिरकं आहे, मी म्हणतो छत. तीन वर्षं झाली.