शब्दचर्चा: ‘हार्ट फेल’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न (परिचारिका, सिंधुदुर्ग): केसपेपरवर ‘हार्ट फेल्युअर’ लिहिलेलं असतं. पण आमच्याकडे ‘हार्ट फेल झाला’ म्हणजे माणूस गेला. परवा हा शब्द कानावर पडताच एका मुलीने हंबरडा फोडला. बाबा तिकडे खाटेवर चहा पीत होते! मराठीत काय म्हणावं?

उत्तर १: ‘हृदय निकामी’ नको, तेही संपल्यासारखंच वाटतं. ‘हृदयक्षीणता’ बरा, पण पुस्तकी. मी सांगते, ‘हृदयाचा जोर कमी पडतोय.’ हृदय थांबलेलं नसतं. अंगाला हवं तेवढं रक्त पुढे ढकलणं त्याला जमत नाही. मग मागे दाब वाढून फुप्फुसांत पाणी साचतं, पाय सुजतात. हृदय थांबलं तर तो कार्डिॲक अरेस्ट. झटका आणखी वेगळा, त्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. मात्र त्यात स्नायू मेला की पुढे जोर कमी पडू शकतो.

उत्तर २: ‘जोर कमी’ सगळ्यांना लागू नाही हो. काहींचं हृदय कडक होतं, सैलावत नाही, म्हणून नीट भरत नाही. त्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन (ईएफ, म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर जातं तो आकडा) 50 किंवा त्याहून जास्तही असतं. आणि हा आकडा जपून सांगा. ‘ईएफ 35’ ऐकलं की नातेवाईक परीक्षेतले गुण समजतात. निरोगी डावा कप्पासुद्धा एका ठोक्यात आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण 55 ते 70 टक्केच टाकतो.

उत्तर ३ (मालवण): ‘ऑर्थोप्निया’ला (आडवं पडल्यावर लागणारी धाप) प्रतिशब्द कशाक होयो? ‘रात्री उशे किती लागतत?’ विचारा. ‘आडवा पडलंय काय धाप लागता, बसान रवतंय’ असं उत्तर आलं की समजायचं. घरचे याला दमा म्हणतात. तेवढ्यावर ‘जुना दमा’ लिहून मोकळं होऊ नये. नडगीवर बोट दाबून खळगा राहतो का, म्हणजे पाण्याची सूज आहे का, तेही बघा.

उत्तर १: ‘मीठ कमी’ हा शब्दही फसवा. लोक वरून मीठ घेणं सोडतात आणि पेजेबरोबर खारा बांगडा, लोणचं चालूच ठेवतात. पदार्थांची नावं घेऊन सांगा. ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यात बहुधा पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन (या आजारात देतात ते एक औषध) चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याइतकं वाढू शकतं.

प्रश्नकर्ती: आणि वजन?

उत्तर २: रोज सकाळी, लघवीनंतर, न्याहारीआधी, त्याच काट्यावर. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर ते पाणी. ‘तब्येत सुधारली’ म्हणून घरचे खूश होण्याआधी फोन करायला सांगा.