दाइफुकू आईला द्यावं का? (जपानी गोड पदार्थ)

कृष्णाकाठची:
मी श्टुटगार्टला असते, सध्या सांगलीहून आई आली आहे. आशियाई दुकानात तांदळाची पिठी आणायला गेलो, तिथे तिला दाइफुकूचं पाकीट दिसलं. "हे पांढरे गोळे कसले गं? घे की!"

घरी आल्यावर आधी मीच एक खाल्लं. प्रत्येक गोळा वेगळ्या खणात, वर पांढरी भुकटी, ती बोटांना, ओठांना सगळीकडे लागते. चावलं की पारी ताणली जाते, तुटता तुटत नाही. आत तांबूस-काळं, पुरणासारखं सारण, पण वेलची-जायफळ काही नाही. कडधान्याची चव सरळ लागते. मला फार आवडलं!

आई अंडंही खात नाही आणि तिला कवळी आहे. द्यावं का? आणि उरलेली फ्रिजमध्ये ठेवू?

मेतकूट:
मुळात शाकाहारीच पदार्थ आहे. चिकट तांदळाची पारी, अझुकी या लाल कडधान्याचं सारण, साखर; भुकटी म्हणजे स्टार्च. पण पाकीटबंद मालात कधी अंड्याचा पांढरा भाग, कधी जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) असतं. युरोपात घटकांच्या यादीत अंडं, दूध वगैरे ॲलर्जीचे पदार्थ ठळक छापावे लागतात, त्यामुळे अंडं लगेच सापडेल. जिलेटिन त्यात मोडत नाही, ते ठळक नसतं. म्हणून यादी पूर्ण वाचा. पाकिटात छोटी पुडी असली तर ती आधी काढून टाका, खायची नसते.

ओसाकाकर:
ताई, कवळीचं मनावर घ्या. जपानात नववर्षाच्या सुमाराला मोची (चिकट तांदळाचे गोळे) घशात अडकून वयस्कर माणसं दगावतात, टोकियोचं अग्निशमन दल दरवर्षी सूचना काढतं. दाइफुकूची पारी त्याच जातीची. काकूंना द्यायचंच असेल तर ओल्या सुरीने अगदी बारीक तुकडे करा, आधी दोन घोट चहा पिऊ द्या, आणि खाताना गप्पा नकोत. तुम्ही शेजारी बसा.

माझं ऐकाल तर त्यांच्यासाठी योकान आणा. तेच सारण, पण समुद्री शेवाळापासून केलेल्या अगारने घट्ट केलेलं. वडी सुरीने सुरेख कापली जाते, चिकटत नाही.

फ्रिज नको, पारी कडक होते. जास्त दिवस ठेवायचं तर फ्रीझर, आणि खाण्याआधी बाहेर काढून ठेवा.

कृष्णाकाठची:
मेतकूट, ओसाकाकर, मनापासून आभार. यादी वाचली, अंडं नाही, जिलेटिन नाही. पारी आईला दिलीच नाही, चमच्याने आतलं सारण काढून दिलं. तिने दोनदा मागून घेतलं! म्हणाली, "ही तर चवळीच्या घरातली चव." आता घरी लाल चवळीचं करून बघायचं म्हणतेय. जमेल?

ओसाकाकर:
काकूंची जीभ पक्की! अझुकी चवळीच्याच कुळातली, आणि जपानात अझुकी घालून करतात त्या लाल भातात अझुकीऐवजी चवळीही घालतात. चवळी बोटाने चिरडेपर्यंत शिजवा, मगच साखर घाला. आधी घातली तर दाणा मऊ होत नाही. चिमूटभर मीठ हवंच. उलथनं ओढल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसला की गॅस बंद करा, गार झाल्यावर आणखी आळतं.

मेतकूट:
गूळ घातला तर कसं लागतं तेही कळवा.